नव्या मरीन टँकमध्ये कोळंबी कशी जगवायची

मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, टँक लावून दीड महिना झाला, क्लाउनफिशची जोडी मजेत आहे, टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. हौसेने क्लीनर श्रिंप आणली आणि तिसऱ्या दिवशी ती दगडामागे आडवी. दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘नाजूकच असते ती.’ ते तितकंसं खरं नाही. क्लीनर श्रिंप, म्हणजे पाठीवरच्या लाल पट्ट्यात मधोमध पांढरी रेघ आणि लांब पांढऱ्या मिशा असलेली लिस्माटा ॲम्बॉइनेन्सिस, रुळलेल्या टँकमध्ये दोन-तीन वर्षं सहज काढते. तिला सोसत नाही तो अचानक होणारा बदल, आणि नव्या टँकमध्ये रोज काही ना काही बदलत असतं. पाण्याचा खारटपणा थोडा वरखाली झाला तर मासा ते निभावून नेतो. समुद्री कोळंबीला ते फार कमी जमतं. म्हणून मासे जगले म्हणजे कोळंबीही जगेल, हा हिशेब चुकतो.

पुढचे आकडे १०० लिटरचा टँक आणि क्लीनर श्रिंपची जोडी धरून दिले आहेत. १०० लिटरच्या काचेत दगड-वाळू घातल्यावर पाणी ८० लिटरच्या आसपासच बसतं. मीठ असो की आणखी काही, माप या ८० वर काढायचं.

पाणी

नळाचं पाणी नको. त्यातला क्लोरीन एक वेळ उडून जाईल, पण पितळी तोट्या, गीझर आणि जुने पाइप यांतून आलेलं तांबं आणि जस्त उडून जात नाही. मग घरातला पिण्याचा आरओ चालेल का? जसा आहे तसा नाही. हल्ली आपल्याकडे विकले जाणारे बरेच आरओ पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात, तसं डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही असतं. आपल्यासाठी जे गुणकारी म्हणून खपतं ते कोळंबीला विष आहे. तांब्याचं कार्ट्रिज नसलं तरी मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बहुधा असतो. मेंब्रेनमधून निघणारी नळी या सगळ्यांच्या आधी वेगळी काढून पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारा डीआय रेझिनचा फिल्टर जोडला, तर तेच यंत्र कामाला येतं. टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. दोन-तीनवर आकडा गेला की रेझिन बदला.

गंमत अशी की कोळंबीच्या स्वतःच्या रक्तात तांबंच असतं. आपल्याकडे ऑक्सिजन वाहायला लोह, तिच्याकडे तांबं असलेलं हिमोसायनिन. पण ते तांबं शरीराने बांधून ठेवलेलं असतं. पाण्यात मोकळं सुटलेलं तांबं थेट कल्ल्यांवर घाला घालतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध ज्या प्रमाणात देतात, त्याच्या अंशानेही कोळंबी मरू शकते. सेकंडहँड टँक, जुने दगड, जुना फिल्टर घेताना ‘यात कधी कॉपर टाकलं होतं का?’ हा प्रश्न आधी विचारा. उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं तर दगड सोडून द्या; ते तांबं धरून ठेवतात आणि पुढे महिनोन्महिने थोडं थोडं सोडत राहतात.

समुद्रावरून कॅन भरून आणण्याचा मोह कोकणात आणि मुंबईत अनेकांना होतो. शहराजवळच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल असतं. स्वच्छ किनाऱ्यावरही पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाण्याचा खारटपणा बराच उतरतो. तयार मरीन सॉल्टच वापरा. साधं मीठ किंवा सैंधव चालत नाही.

मीठ साधारण लिटरला ३७ ग्रॅम लागतं, पाकिटानुसार थोडंफार कमीजास्त. आधी पाणी, पाण्यात पंप चालू, मग मूठमूठ मीठ. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी पांढरा गाळ बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि परत विरघळत नाही. २४ तास पंप फिरू द्या, मगच मोजा. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) हवा, म्हणजे २५ अंशांना १.०२६ सापेक्ष घनता. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं भिंगाचं यंत्र) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलेला मीटर ३५ ला चुकू शकतो. हलत्या काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा फसवा येतो.

बाकीचे आकडे पटकन: तापमान २५-२६ अंश, पीएच ८ ते ८.४, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची ताकद) ८-९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४४०, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). अल्कलिनिटी ८ की ९ यावर डोकं खाऊ नका. आज ७ आणि परवा १० होणार नाही एवढं बघा.

दगडांबद्दल एक गोष्ट. खडक बांधणारी सगळी प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेलं प्रवाळही त्यातून सुटत नाही. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढलेला तुकडा कोणी देऊ केला तर घेऊ नका. सिरॅमिकचे किंवा कारखान्यात बनवलेले कोरडे दगड वापरा. त्यांच्यावर जिवाणू बसायला वेळ लागतो, तो द्यायचा.

टँक बसू द्या

अमोनिया खाऊन नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. त्यांना खाद्य म्हणून काही जण बाजारातल्या कोळंबीचा तुकडा टँकमध्ये कुजत ठेवतात. चालतं, पण अमोनिया किती सुटेल यावर ताबा राहत नाही आणि फॉस्फेटची भर पडते ती वेगळीच. अमोनियम क्लोराइड बरं. हा आपला कल्हईवाल्याचा नवसागरच, फक्त बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, म्हणून प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्या. ५ ग्रॅम पावडर १०० मिली आरओ पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. त्यातलं १० मिली सिरिंजने ८० लिटर पाण्यात टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. तो उतरला की पुन्हा तेवढाच. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही खाली गेलं की सायकल पूर्ण झाली. (नायट्राइट थोडं रेंगाळलं तर घाबरू नका, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते गोड्या पाण्यातल्याइतकं घातक ठरत नाही. अमोनियाचं उलट आहे, पीएच आणि तापमान जास्त असलं की तो अधिक जहरी होतो.)

शेवटी मोठा वॉटर चेंज करून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा. आणि अजून कोळंबी आणू नका. सायकल संपली म्हणजे टँक बसला असं नव्हे. यानंतरच काचेवर डायटम नावाचा तपकिरी शेवाळी थर येतो, मग हिरवं शेवाळ, अल्कलिनिटी हेलकावे खाते, खाणं किती द्यायचं ते हाताला कळलेलं नसतं. आधी एक-दोन छोटे मासे, मग दोन-चार ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी. गोगलगाय ही स्वस्तातली परीक्षा आहे: तांबं आणि खारटपणा यांतली गडबड तिलाही सोसत नाही. दोन आठवडे ती काचेवर फिरत, चरत राहिली तर पुढे जायला हरकत नाही. तळाशी तोंड मिटून पडून राहत असेल तर कारण सापडेपर्यंत थांबा. सगळं धरून पाणी भरल्यापासून आठ ते दहा आठवड्यांनी कोळंबी.

कोणती घ्यावी, कशी पारखावी

पहिल्यांदा क्लीनर श्रिंपच घ्या. लिस्माटा जातीत नर-मादी शोधावे लागत नाहीत, मोठेपणी प्रत्येक कोळंबी दोन्ही असते. कोणत्याही दोन घेतल्या तरी जोडी जमते आणि थोड्याच दिवसांत पोटाखाली हिरवट अंडी दिसू लागतात. काचेवर माजणारे उपद्रवी एप्टेशिया ॲनिमोन खायला पेपरमिंट श्रिंप आणतात, पण त्या नावाखाली अनेकदा कॅमल श्रिंप गळ्यात मारतात. कॅमलच्या पाठीला कुबड असतं, डोळे मोठे आणि लाल अंगावर ठसठशीत पांढऱ्या रेघा नि ठिपके असतात. ती कोरल कुरतडते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब नांग्यांची कोरल बँडेड दिसायला झकास, पण एका टँकमध्ये एकच ठेवा. खात्रीची जोडी नसेल तर दोघी मरेपर्यंत भांडतात, शिवाय लहान कोळंब्या खातात. हार्लेक्विनला तर खायला फक्त तारामासा लागतो, नव्या टँकमध्ये तिचं नावच काढू नका.

दुकानात येऊन आठवडा झालेली कोळंबी घ्या. समोर तुकडा टाकायला सांगा, लगेच झडप घातली पाहिजे. अंग काचेसारखं पारदर्शक हवं. मांस दुधाळ दिसत असेल तर ती आजारी आहे. मिशा शाबूत असाव्यात, पण एखादी तुटलेली असली तरी पुढच्या कातीला परत येते. आणि दुकानाच्या टँकचा खारटपणा विचारून घ्या, शक्य असेल तर स्वतः मोजा. माशांवरचे परजीवी कमी राहावेत, मीठही वाचावं म्हणून बरीच दुकानं पाणी २८-३० पीपीटीवर ठेवतात. तुमच्याकडे ३५. सुरुवातीला सांगितलेल्या तिसऱ्या दिवशीच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा या पाच-सात आकड्यांत दडलेलं असतं.

पहिले तीन तास

दुकानाच्या पाण्यातून टँकच्या पाण्यात कोळंबीला हळूहळू, थेंबाथेंबाने आणायचं, त्यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा. टोचायचं टोक आणि थेंबांची नळकांडी कापून टाका, फक्त नळी आणि तिच्यावरचं चाक ठेवा. हे चाक फिरवून पाण्याची धार इतकी बारीक आवरता येते की महागड्या व्हॉल्व्हची गरज पडत नाही. नळीचं एक टोक टँकमध्ये, दुसरं खालच्या भांड्यात. तोंडाने ओढून पाणी सुरू करा आणि चाक आवळा. थेंब मोजत बसू नका, मोजपेला धरा: १०० मिली भरायला अकराएक मिनिटं लागली की वेग बरोबर.

पिशवी न उघडता अर्धा तास टँकमध्ये तरंगू द्या. मग कोळंबी पिशवीतल्या पाण्यासह, समजा अर्ध्या लिटरसह, भांड्यात घ्या आणि थेंब सुरू करा. पंचावन्न मिनिटांत पाणी दुप्पट होईल. अर्धं टाकून द्या, पुन्हा दुप्पट होऊ द्या. पिशवीत ३० आणि टँकमध्ये ३५ असेल तर पहिल्या फेरीनंतर भांड्यात ३२.५ होतं, दुसरीनंतर ३३.८, तिसरीनंतर ३४.४. म्हणजे पावणेतीन तास. फरक दोनाचाच असेल तर दोन फेऱ्या पुरतात. भांड्यात रिफ्रॅक्टोमीटर लावून बघा आणि फरक एकाच्या आत आल्यावरच थांबा.

यात दोन ठिकाणी फसगत होते. एक तापमान. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असते, एसी लावला तर २२ वर. तीन तासांत भांड्यातलं पाणी तिकडे जातं आणि जे सांभाळायचं तेच हातातून निसटतं. भांडं टँकच्या पाण्याने भरलेल्या टबात ठेवा. त्यात लहान एअर स्टोन हळू सोडून ठेवा.

दुसरी फसगत कुरिअरने आलेल्या पिशवीची. बारा-पंधरा तास बंद पिशवीत कोळंबीच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. अशा पाण्यात तीन तास थेंब सोडत बसणं म्हणजे कोळंबीला त्याच विषात ठेवणं. म्हणून विक्रेत्याकडून खारटपणा आधी विचारून घ्या. तेवढ्याच खारटपणाचं आणि तापमानाचं ताजं पाणी तयार ठेवा, पिशवी उघडताच कोळंबी त्यात टाका आणि थेंब तिथून सुरू करा.

टँकमध्ये सोडताना जाळी वापरू नका, मिशा आणि पाय अडकून तुटतात. प्लास्टिकच्या पेल्यात धरा, दिवे बंद करा आणि पेला दगडाजवळ बुडवून आडवा करा. वरून सोडली तर खाली पोचायच्या आत एखादा मासा तिला टिपतो. पिशवीचं पाणी मोरीत. लायनफिश, ट्रिगर, पफर, हॉकफिश किंवा मोठा रॅस असे कोळंबी खाणारे मासे असतील त्या टँकमध्ये कोळंबी आणूच नका.

कात

आल्यापासून पहिल्या काही दिवसांत अनेकदा ती कात टाकते, बहुधा रात्री. सकाळी दिवे लागतात आणि वाळूवर कोळंबी मरून पडलेली दिसते. लगेच काढून फेकू नका, जवळून बघा. काच लावल्यासारखी आरपार दिसते का? आत पोकळ आहे, पंपाच्या झोतात कागदासारखी हलते, डोळ्यांच्या जागी रिकाम्या टोप्या आहेत आणि डोक्याची ढाल जिथे पोटाला मिळते तिथे फट पडली आहे? मग ती कात आहे, कोळंबी दगडाखाली लपली आहे. मेलेली कोळंबी अशी आरपार दिसत नाही. ती उकडलेल्या कोळंबीसारखी दुधाळ गुलाबी होते, जड पडते आणि वास मारते.

नवं कवच कडक व्हायला एक-दोन दिवस जातात. तेवढ्यात अंग लोण्यासारखं मऊ असतं, म्हणून ती बाहेर येत नाही. दगड उचकून शोधू नका. लपायला अरुंद, पाठीमागून बंद अशी दोन-तीन भोकं मुळातच ठेवलेली हवीत. काढलेली कात पडू दिली तरी चालते, हळूहळू कुरतडली जाते.

कात अर्धवट अडकून मरण आलं तर बाटलीतलं आयोडीन ओतायचा सल्ला मिळेल. मोजायचं किट नसताना ते करू नका. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर मिठातून येणारं आयोडीन पुरतं. अडकलेल्या कातीमागे बहुधा खारटपणाची किंवा अल्कलिनिटीची एखाद्या दिवसातली उडी असते.

खाणं आणि बाष्पीभवन

‘क्लीनर’ या नावाने फसगत होते, ती टँक साफ करून पोट भरेल असं वाटतं. जुन्या टँकमध्ये थोडंफार भरतंही, नव्या टँकमध्ये तिला वेचायला काहीच नसतं. एक दिवसाआड मायसिसचा (गोठवलेल्या बारीक कोळंबीसारख्या खाद्याचा) छोटा तुकडा किंवा तळाशी बुडणाऱ्या दोन गोळ्या द्या. चिमट्याने थेट हातात दिलं तर मासे पळवत नाहीत. दहा मिनिटांत उरलेलं काढून घ्या.

आठवड्याचा वॉटर चेंज म्हणजे ८ लिटर पाणी आणि सुमारे ३०० ग्रॅम मीठ. नवं पाणी टँकच्याच खारटपणाचं आणि तापमानाचं हवं, आणि ते पंधरा-वीस मिनिटं घेऊन हळू ओता.

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ८० लिटरमधले ४ लिटर उडाले की ३५ चं जवळजवळ ३७ होतं. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या उघड्या टँकला हे घडायला दोन-तीन दिवस पुरतात. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, रोज, थोडी थोडी. रविवारी एकदम ४ लिटर ओतलं तर पुन्हा उडी, उलट्या दिशेने. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ घेण्यासारखं आहे, पाणी थंड करणाऱ्या चिलरच्याही आधी. पाण्यावर रोखलेला पंखा तापमान दोन ते चार अंश उतरवतो. विदर्भातल्या मे महिन्यात त्याने भागत नाही, चिलर लागतोच. बर्फाच्या बाटल्या मात्र टाळा. तासात तीन अंश खाली, दुपारी परत वर, हे हेलकावे उष्म्यापेक्षा वाईट. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा.

खोलीत जे फवारतो ते

कोळंबी शेवटी झुरळ-डासांच्याच दूरच्या नात्यातली. डासांच्या लिक्विड मशीनमधली, कॉइलमधली आणि स्प्रेमधली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं तिच्याही मज्जासंस्थेवर तशीच चालतात. आणि एअर पंप व स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा सतत ओढून बारीक बुडबुड्यांनी पाण्यात मिसळत असतात. टँकच्या खोलीत मच्छरदाणी वापरा, मशीन नको. महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद करा, अर्धा तास एअर पंप आणि स्किमर थांबवा, पाणी हलवणारा पंप चालू ठेवा. दिवाळीआधी रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर टँक प्लास्टिकने झाका, एअर पंपाची नळी दुसऱ्या खोलीतून आणा आणि फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. डास पळवणारं मलम लावलेला हात टँकमध्ये घालू नका.

मेलीच तर कशाने

काही तासांत मेली तर सोडतानाची घाई किंवा तापमान. एक ते तीन दिवसांत मेली तर खारटपणा. दोन्ही आकडे पुन्हा मोजा, मीटर पुन्हा जुळवा. कोळंबीबरोबर गोगलगायी आणि खेकडेही गेले आणि मासे मात्र ठणठणीत असतील, तर तांबं किंवा कीटकनाशक. अशा वेळी ३०-४० टक्के पाणी बदला, कार्बन घाला आणि गंजलेला क्लिप, स्क्रू, लोहचुंबक असं काही पाण्यात पडलंय का ते हात घालून शोधा. तीन-चार आठवडे छान राहून एक दिवस मागमूस न ठेवता गायब झाली तर भूक किंवा शिकारी मासा. मृतदेहावर ब्रिसल वर्म (वाळूत-दगडांत राहणारे केसाळ किडे) दिसले म्हणून त्यांना दोष देऊ नका, ते मेल्यावर जेवायला येतात.

आडवी पडली आहे पण पाय हलत आहेत, असं दिसलं तर पाण्यात औषध ओतू नका. छिद्रं असलेल्या डब्यात उचलून टँकमध्येच, पाणी वाहतं अशा जागी अडकवा, वर काळोख करा, एअर स्टोन वाढवा आणि खारटपणा मोजा. तो चढलेला असेल तर चार-सहा तास घेऊन उतरवा. कात टाकताना थकलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पायांवर उभी दिसते. तेव्हाही तिला लगेच बाहेर सोडू नका, मिशा हलवत तुकडा हातात घेईपर्यंत डब्यातच राहू द्या.